दुसरा खरेदीदार येऊ द्या

महाराष्ट्रात डाळ मिल काढायची असेल तर शेजारच्या डाळ मिलपासूनचं अंतर कुणी मोजत नाही. सूतगिरणी, जिनिंग, दूध डेअरी, तेलगिरणी यांच्यापैकी कुणालाही ती अट नाही. साखर कारखान्याला मात्र आहे. आधीच्या कारखान्यापासून नव्या कारखान्याचं हवाई अंतर किमान २५ किलोमीटर हवं, आणि ते भारतीय सर्वेक्षण विभागाने मोजून दिलेलं हवं. जागा आहे, भांडवल आहे, भोवती ऊस उभा आहे, शेतकरी वाट बघतोय; पण अंतर २४ किलोमीटर भरलं, तर कारखाना होत नाही.

या अटीने संरक्षण होतं ते आधी येऊन बसलेल्या कारखान्याचं. किंमत मोजतो तो ऊस पिकवणारा. उद्योगावर सरकारचं नियंत्रण असावं की नसावं, यावर आपल्याकडे परिसंवाद पुष्कळ होतात. मला त्यात फार रस नाही. नियंत्रण कुणाच्या बाजूचं, एवढंच मी विचारतो. आणि उसाच्या बाबतीत त्याचं उत्तर लाजिरवाणं आहे.

आकडा नीट समजून घ्या. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. त्यात २००६ साली दुरुस्ती झाली आणि दोन कारखान्यांमध्ये किमान १५ किलोमीटर अंतराची अट देशभर लागू झाली. राज्याला वाटलं तर केंद्राच्या पूर्वपरवानगीने हे अंतर वाढवता येतं. महाराष्ट्राने २०११ मध्ये ते २५ केलं. १५ चे २५, म्हणजे दहाच किलोमीटर वाढले असं वाटतं. पण कारखान्याभोवती वर्तुळ काढून बघा. १५ किलोमीटरच्या वर्तुळाचं क्षेत्र होतं साधारण ७०७ चौरस किलोमीटर, २५ च्या वर्तुळाचं १,९६३. जवळजवळ पावणेतीन पट. अख्खी बृहन्मुंबई त्यात तीनदा बसते. एवढ्या मुलखात नवा खरेदीदार यायला बंदी, आणि ही बंदी घालणारं राज्य स्वतःला शेतकऱ्याचं म्हणवतं.

फडातली परिस्थिती

ऊस हे थांबणारं पीक नाही. कांदा चाळीत ठेवता येतो, सोयाबीन पोत्यात भरून भावाची वाट बघता येते, कापूस घरात रचता येतो. ऊस एकदा तोडला की तासागणिक वजन आणि साखर दोन्ही उतरतात. आणि नाही तोडला तर? तुरा येतो, कांडी आतून पोकळ पडायला लागते, वजन घटतं. वर तोच फड खोडव्यासाठी वेळेत मोकळा झाला नाही तर पुढचं पीकही हातचं जातं. म्हणजे विकणाऱ्याला घाई आणि घेणाऱ्याला सवड. अशा बाजारात घेणारा एकच असला की विकणाऱ्याच्या हातात काय उरतं?

दोन एकरवाल्याचा हंगाम जवळून बघा. लागणीनंतर त्याने कारखान्याच्या शेतकी विभागाकडे नोंद दिलेली असते. नोंदीच्या तारखेप्रमाणे तोडणीचा प्रोग्राम लागतो, असं कागदावर असतं. प्रत्यक्षात तो डिसेंबरभर गटऑफिसला चकरा मारतो. तोड येत नाही, कारण वरच्या आळीतल्या वजनदार सभासदाचा फड आधी लागला. जानेवारीत टोळी येते, तर मुकादम एकरी पैसे मागतो. टोळीला खुशाली द्यायची, ट्रॅक्टरवाल्याला एंट्री द्यायची, जेवणखाण वेगळं. नाही म्हटलं तर टोळी पुढच्या फडात. तक्रार कुणाकडे करायची? ज्या कारखान्याची टोळी, त्याच्याच चिटबॉयकडे. आणि फार तक्रार केली तर पुढच्या वर्षी नोंद मागे पडते, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं.

शेवटी कंटाळून काही जण स्वतःच फडाला काडी लावतात. जळालेला ऊस कारखान्याला लवकर तोडावा लागतो म्हणून. मग बिलातून जळीत उसाची कपात होते ती निराळीच. आपलं वर्षभराचं पीक आपल्याच हाताने पेटवल्याशिवाय ते विकलं जात नाही, अशी वेळ ज्या बाजारात येते त्याला बाजार म्हणायचं?

२०२१-२२ चा हंगाम आठवा. राज्याने १३७ लाख टन साखर काढली, विक्रम म्हणून कौतुकं झाली. त्याच वर्षी मे उलटला तरी बीड, जालना, लातूर, उस्मानाबादकडे ऊस फडात उभा होता. उन्हाने वाळत होता. गेवराई तालुक्यात एका शेतकऱ्याने फड पेटवला आणि स्वतःचा जीव दिला. सरकारने मग दूरच्या कारखान्यांना ऊस नेण्यासाठी वाहतुकीचं अनुदान दिलं, साखरेचा उतारा घटल्याबद्दल टनामागे अनुदान दिलं. म्हणजे आधी नियम करून जवळ कारखाना होऊ द्यायचा नाही, आणि ऊस वाळायला लागला की करदात्याच्या पैशाने तो लांब न्यायचा. आणि हे अनुदान गेलं ते कारखान्यांना. फडात वाळलेल्या वजनाची भरपाई शेतकऱ्याला कुणी केली?

एफआरपी आहे ना, मग काय हवं?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. केंद्र सरकार दरवर्षी उसाचा किमान दर ठरवतं. २००९ पासून त्याला एफआरपी म्हणतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० आहे. उतारा वाढला तर दर ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे जादा. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर वर्षाला १५ टक्के व्याज. कायदा चांगला आहे. मी त्याच्या बाजूचा आहे आणि तो राहिलाच पाहिजे.

पण हाच कायदा दोन एकरवाल्याच्या बिलात कसा उतरतो बघा. दोन एकरांत ८० टन ऊस निघाला असं धरू. ३,५५० मधून तोडणी-वाहतूक वजा होते. ती कारखाना ठरवतो आणि कारखानाच कापतो. टनाला ८०० रुपये धरले तर हातात २,७५०, म्हणजे एकूण २ लाख २० हजार. १४ दिवसांची मुदत गेली, वर दोन महिने गेले, तर कायद्याने व्याज होतं ५,५००. हे व्याज बिलात आपसूक लागून आलेलं किती शेतकऱ्यांनी बघितलंय? गावोगाव विचारा. दरम्यान सोसायटीची परतफेड चुकते, व्याजसवलत जाते आणि खतवाल्याची उधारी वाढते. म्हणजे शेतकऱ्याच्या पैशावर बिनव्याजी कारखाना चालतो.

थकवणाऱ्या कारखान्यावर साखर आयुक्त आरआरसी काढतात, म्हणजे महसुली वसुलीचा आदेश. तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून तहसीलदाराकडे, मग साखरेचे साठे, मग लिलाव. तोवर पुढचा हंगाम तोंडावर येतो. आणि पैसे थकवलेत म्हणून पुढच्या वर्षी त्या शेतकऱ्याने ऊस दुसरीकडे घालायचा, तर दुसरीकडे म्हणजे कुठे?

२०२२ च्या फेब्रुवारीत तर राज्य सरकारने एफआरपी दोन टप्प्यांत द्यायची मुभाच कारखान्यांना देऊन टाकली. शेतकरी नेते राजू शेट्टी कोर्टात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो निर्णय रद्द केला. तीन वर्षं लागली. केंद्राने कायद्याने दिलेला एकरकमी दर राज्याने कापावा आणि तो परत मिळवायला शेतकऱ्याच्या प्रतिनिधीने कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्यात! किमान दराच्या भरवशावर विसंबून राहणाऱ्यांनी हा निकाल पुन्हा वाचावा.

किमान दर कागदावर असतो. तो वसूल करण्याची ताकद शेतकऱ्याला येते ती 'नाही तर मी ऊस तिकडे घालीन' एवढं एक वाक्य त्याला म्हणता आलं तर. हे वाक्य म्हणता येऊ नये याची व्यवस्था २५ किलोमीटरच्या अटीने केली आहे. काटा मारला तरी ऊस तिथेच, उतारा कमी दाखवला तरी तिथेच, बिल थकलं तरी तिथेच. भरारी पथकं वर्षभर फिरवून जे होत नाही ते हाकेच्या अंतरावरचा दुसरा काटा एका हंगामात करतो.

सोडलेलं पाखरू पुन्हा पिंजऱ्यात

एके काळी महाराष्ट्रात झोनबंदी होती. १९८४ च्या आदेशाने गावंच्या गावं एकेका कारखान्याला वाटून दिलेली. तुमचा ऊस त्याच कारखान्याला, दर तो देईल तो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने या झोनबंदीविरुद्ध वर्षानुवर्षं रान उठवलं. आपल्या घामाचं पीक आपल्याला हवं तिथे विकता यावं, ही त्यांची साधी मागणी होती. नव्वदच्या दशकाअखेर झोनबंदी उठली. १९९८ मध्ये केंद्राने साखर उद्योगाला परवाना पद्धतीतून मोकळं केलं. शेतकऱ्याला वाटलं, सुटलो.

सुटला नाही. ऊस कुठेही घाल म्हणाले आणि घालायला दुसरा कारखाना मात्र होऊ दिला नाही. झोनबंदीत निदान कारखान्यावर त्या गावचा ऊस उचलायची जबाबदारी होती. आता तीही नाही. हक्क शेतकऱ्याच्या नावावर, मुलूख कारखान्याच्या नावावर.

आणि हा मुलूख धरून ठेवायला कारखाना चालवावाच लागतो असंही नाही. नव्या कारखान्याची नोंद केली, एक कोटीची हमी भरली की त्या जागेवर हक्क लागला. दोन वर्षांत कामाला लागायचं, चार वर्षांत उत्पादन काढायचं, अशी मुदत. तोवर त्या वर्तुळात दुसऱ्या कुणी यायचं नाही. म्हणजे कागदावरचा कारखानाही खऱ्या कारखान्याला अडवू शकतो. बंद पडलेल्या सहकारी कारखान्यांच्या गंजक्या यंत्रांवर एवढे लोक का टपलेले असतात, याचंही उत्तर मला इथेच दिसतं. यंत्रांपेक्षा त्या जागेला किंमत आहे. जागेबरोबर वर्तुळ मिळतं, आणि वर्तुळाबरोबर हजारो शेतकरी.

२०२३ च्या सप्टेंबरात तर कळस झाला. पाऊस कमी, ऊस कमी, म्हणून राज्याने अधिसूचना काढली की महाराष्ट्राचा ऊस परराज्यात न्यायचा नाही. शिरोळ, मिरज, जतच्या शेतकऱ्याला सीमेपलीकडचे कर्नाटकातले कारखाने हा एक तरी पर्याय होता. ज्या वर्षी ऊस कमी, म्हणजे ज्या वर्षी शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळण्याची संधी, नेमक्या त्याच वर्षी दार लावलं. संघटना रस्त्यावर उतरल्या आणि काही दिवसांत अधिसूचना मागे घ्यावी लागली. पण ती निघाली कशी, कुणाच्या सोयीसाठी निघाली, याचा जाब कुणीच दिला नाही. तुटवड्याच्या वर्षी शेतकऱ्याचे हात बांधायचे आणि मुबलक उसाच्या वर्षी त्याला नशिबावर सोडायचं, ही कसली नीती?

त्यांचे युक्तिवाद

अट हवी म्हणणाऱ्यांचं म्हणणं मी टाळणार नाही. एकेक घेऊ.

पहिलं, सहकार वाचवायचा आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला, त्याने या राज्यातली खेडी बदलली. शाळा, दवाखाने, रस्ते झाले. हे ऋण मानायलाच हवं. पण २०११ पासून २५ किलोमीटरची अट आहे, आणि आज राज्यात हंगाम घेणाऱ्या दोनशेच्या आसपास कारखान्यांमध्ये खासगी जवळजवळ निम्मे आहेत. भिंत सहकारासाठी होती तर भिंतीच्या आत खासगी कसे वाढले? अट वाचवते ती आत असलेल्याला, मग तो सहकारी असो की खासगी. शिवाय चांगल्या सहकारी कारखान्याला भिंत लागत नाही. गुजरातेत बारडोली, गणदेवीचे सहकारी कारखाने दराच्या जोरावर सभासद टिकवून आहेत. महाराष्ट्रातही जो कारखाना काटा चोख ठेवतो आणि बिल वेळेवर देतो, त्याचा सभासद टनामागे पन्नास रुपयांसाठी पळत नाही. पळतो तो छळलेला सभासद. त्याला पळू द्यावं.

दुसरं, कारखाने वाढले तर ऊस पुरणार नाही, सगळेच बुडतील. हा मुद्दा पोकळ नाही. २०२१-२२ ला १३७ लाख टन साखर काढणाऱ्या राज्याने २०२४-२५ ला ८० लाख टनांच्या घरातच काढली, आणि कित्येक कारखान्यांचा हंगाम तीन महिन्यांत आटोपला. पण मग जुन्या कारखान्यांना विस्तार कसा चालतो? रोज अडीच हजार टन गाळणारा कारखाना पाच हजारांचा होतो, दहा हजारांचा होतो, आणि अंतराची अट त्याच्या आड येत नाही. म्हणजे उसाला अपुरी पडेल अशी गाळपक्षमता वाढायला सरकारची हरकत नाही. हरकत आहे ती नवा मालक यायला. कारखाना काढणाऱ्याने ऊस पुरेल की नाही याचा हिशेब स्वतः करावा, बँकेने कर्ज देताना करावा, आणि चुकला तर तोटा त्यांनी सोसावा. कापडाच्या धंद्यात, दुधाच्या धंद्यात हेच होतं. साखरेत मात्र मालकाचा धोका उत्पादकाच्या डोक्यावर टाकलेला आहे.

तिसरं, पाणी. नवे कारखाने आले की ऊस वाढेल आणि मराठवाडा कोरडा पडेल. सगळ्या आक्षेपांत हा मला सर्वांत गंभीर वाटतो. पण २५ किलोमीटरची अट असतानाच मराठवाड्यात ऊस वाढला ना? अंतराच्या अटीने एक थेंबही वाचलेला नाही. पाणी वाचवायचं तर पाण्यावरच नियंत्रण आणा. ठिबक सक्तीचं करा, पाण्याचं मोजमाप करा, उपशाला मर्यादा घाला. २००५ पासून राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आहे, तो उसाच्या फडापर्यंत नेऊन दाखवा. पाण्याच्या नावाखाली शेतकऱ्याचा खरेदीदार तोडू नका.

चौथं, साखरेचा धंदा आधीच जखडलेला आहे. हे खरं आहे आणि कारखानदारांची ही तक्रार मी मान्य करतो. साखरेचा किमान विक्रीदर केंद्राने फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केला आणि एफआरपी दरवर्षी वाढत असताना तो वर्षानुवर्षं हलला नाही. महिन्याला किती साखर विकायची याचा कोटा २०१३ मध्ये गेला होता, २०१८ मध्ये परत आला. निर्यात कधी खुली, कधी बंद. डिसेंबर २०२३ मध्ये तर ऐन हंगामात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका आदेशाने बंदी आली. कर्ज काढून डिस्टिलरी उभारणाऱ्यांचं कंबरडं मोडलं. आठवडाभरात ती बंदी थोडी सैल केली, आणि पुढच्या हंगामासाठी उठवली. दिल्लीने असं धरसोड धोरण चालवू नये, हे मी कारखानदारांच्या बरोबरीने म्हणेन. पण आपल्या साखरेला मोकळा बाजार मागणाऱ्याने उसालाही तो द्यायला हवा. विकताना स्पर्धा आणि घेताना मक्तेदारी, असं दोन्हीकडून घेता येणार नाही.

आयोग कुणासाठी धावतो?

देशात स्पर्धा कायदा २००२ चा आहे. भारतीय स्पर्धा आयोग दिल्लीत आहे. या आयोगाने २०१८ मध्ये १८ साखर कारखान्यांना आणि दोन संघटनांना दंड ठोठावला होता. आरोप असा की तीन सरकारी तेल कंपन्यांना इथेनॉल विकताना निविदेत त्यांनी संगनमताने दर भरले. प्रकरण पुढे अपिलात गेलं. माझा मुद्दा निराळा आहे. देशातल्या बलाढ्य तेल कंपन्यांना जादा दर पडू नये म्हणून आयोग उभा राहतो, तर त्याच साखरधंद्याला कच्चा माल विकणाऱ्या दोन एकरवाल्यासाठी कोण उभं राहणार?

ऊसदराचं आंदोलन पेटलं की काय होतं ते पश्चिम महाराष्ट्राने अनेकदा पाहिलंय. २०२३ च्या नोव्हेंबरात पुणे-बंगळूर महामार्ग अडवावा लागला. अशा वेळी जिल्हाधिकारी बैठक बोलावतात, जिल्ह्यातले कारखानदार एका टेबलाशी बसतात आणि जादा किती द्यायचे त्याचा सगळ्यांचा मिळून एक आकडा ठरतो. सिमेंटवाल्यांनी असा एक दर ठरवला तर आयोग हजारो कोटींचा दंड लावतो, लावलेला आहे. उसात मात्र हीच पद्धत सरकारी बैठकीत चालते आणि तिला तोडगा म्हणतात. शेतकऱ्याला तो घ्यावा लागतो, कारण फड वाळत असतो.

आणि २५ किलोमीटरच्या अटीविरुद्ध आयोगाकडे जावं म्हटलं, तर तिथेही दरवाजा अरुंद आहे. अट कंपन्यांच्या करारातून आलेली नाही, सरकारच्या आदेशातून आलेली आहे. सरकारने एखाद्या धोरणाबद्दल मत मागितलं तर आयोग ते देतो, आणि तेही सरकारवर बंधनकारक नसतं. म्हणजे देशातला स्पर्धेवरचा सर्वांत मोठा पहारेकरी सरकारी भिंतीपाशी येऊन थांबतो.

मत मात्र मिळालेलं आहे, आणि साध्यासुध्या माणसाचं नाही. सी. रंगराजन यांच्या समितीने २०१२ मध्ये साखर उद्योगाच्या नियंत्रणांवर अहवाल दिला. लेव्ही, म्हणजे सरकारला स्वस्तात द्यावी लागणारी साखर, काढा म्हणाली, ती काढली. दरमहा कोट्याची पद्धत काढा म्हणाली, तीही तेव्हा काढली. क्षेत्र राखून ठेवण्याची पद्धत आणि कारखान्यांमधल्या किमान अंतराची अट हटवा, असंही तिने सांगितलं. त्यातून कारखान्याला मोठ्या टापूवर मक्तेदारी मिळते आणि शेतकरी दबतो, हे कारणही दिलं. कारखान्यांना मोकळं करणाऱ्या शिफारशी २०१३ मध्येच अमलात आल्या. शेतकऱ्याला मोकळं करणारी शिफारस अजून धूळ खात पडली आहे. यात योगायोग नाही. या राज्यात साखर कारखानदार नसलेला मोठा राजकीय पक्ष शोधून सापडायचा नाही. ज्यांना प्रतिस्पर्धी नको, ते सभागृहाच्या दोन्ही बाजूंना बसलेले आहेत.

काय करायचं ते

महाराष्ट्र सरकारने २५ किलोमीटरची अधिसूचना मागे घ्यावी. ही राज्याने मागून घेतलेली अट आहे. ती सोडायची इच्छा मुंबईतूनच दाखवावी लागेल. ती गेली की देशाची १५ ची अट उरते. मग झोनबंदी नसलेल्या राज्यांसाठी तीही काढावी म्हणून राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा.

कागदावरच्या कारखान्यांनी अडवलेल्या जागांची यादी साखर आयुक्तांनी जाहीर करावी आणि मुदत संपलेल्या नोंदी त्याच दिवशी रद्द कराव्यात.

काटा आणि उतारा या दोन्ही गोष्टी कारखान्याच्या हातून काढाव्यात. शेतकऱ्याने बाहेरच्या काट्यावर केलेलं वजन ग्राह्य धरलं पाहिजे. उताऱ्याचे नमुने स्वतंत्र प्रयोगशाळेने घेतले पाहिजेत. आणि पंधराव्या दिवसापासूनचं व्याज शेतकऱ्याने न मागता बिलात छापून आलं पाहिजे.

गावनिहाय नोंदीचा क्रम आणि तोडणीचा प्रोग्राम ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. कुणाचा फड कुणाच्या आधी गेला हे गावाला दिसू दे.

स्पर्धा आयोगाने ई-कॉमर्सचा बाजार अभ्यासला, औषधांचा अभ्यासला. आता त्याने ऊस खरेदीचा बाजार अभ्यासावा. राज्य सरकारची छाती असेल तर त्याने स्वतः आयोगाचं मत मागवावं.

आणि एखादा कारखाना स्पर्धेत टिकला नाही तर तो बंद होईल. होऊ दे. पण त्या दिवशी पहिला हक्क उसाच्या बिलाचा आणि कामगाराच्या पगाराचा, मग बँकांचा, अशी तरतूद कायद्यात हवी. शेतकऱ्याचं भागभांडवल बुडवून, त्याचं बिल थकवून, मग तोच कारखाना कवडीमोलाने विकत घेण्याचे जे प्रकार या राज्याने पाहिले, त्यांना आळा बसायचा असेल तर हे कलम अंतराच्या अटीइतकंच निकडीचं आहे.

शेतकरी संघटनांनाही एक सांगणं आहे. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर ऊस परिषदा होतात. पहिली उचल किती, यावर मैदान गाजतं. तो लढा खरा आहे, त्यात लोकांनी लाठ्या खाल्ल्या आहेत, रक्त सांडलं आहे. पण दर दरवर्षी भांडून घ्यावा लागतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच भांडण पदरी येतं. येत्या परिषदेत पहिला ठराव अंतराची अट रद्द करण्याचा घ्या, दराचा दुसरा. कारखान्याच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक पॅनेलला आणि विधानसभेला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला एकच विचारा: २५ किलोमीटरची अट काढण्याच्या बाजूने सभागृहात उभे राहणार का? हो किंवा नाही, तेवढंच उत्तर घ्या आणि ते लिहून घ्या.